सत्काराचे भाषण

यंदाच्या पावसाळ्याच्या तोंडाशी आमच्या सौभाग्यवती एम.डी. झाल्या. हे वाक्य मी व्याकरणाच्या तासाला फळ्यावर लिहिले असते, तर मागच्या बाकावरच्या विद्यार्थ्यानेही बिनचूक सांगितले असते की यात कर्ता 'सौभाग्यवती' आहे आणि वाक्य पुरे व्हायला आणखी कोणाची गरज नाही. पण निकाल लागल्यापासून पुढचा आठवडाभर मी जी वाक्ये ऐकली, त्यांत इतके सरळ वाक्य एकही नव्हते.

"सर, बायकोला एवढं शिकवलंत, मानलं तुम्हाला!" असे आमच्या प्राध्यापक-कक्षात इतिहासाचे सहकारी म्हणाले. "या वयात बायकोला पुढं शिकू दिलंत, मोठं मन पाहिजे त्याला," असे दूधवाले म्हणाले. शेजारच्या काकूंनी तर आमच्या आईला सांगितले, "पोरानं सुनेला डॉक्टरीण केलं हो तुमच्या!" वास्तविक ती लग्नाआधीच एम.बी.बी.एस. होती. त्या वेळी मी तिला ओळखतही नव्हतो.

शिकणे आणि शिकवणे. मूळ क्रियेचा कर्ता जेव्हा दुसऱ्या कोणाच्या तरी प्रेरणेने ती क्रिया करतो, तेव्हा क्रियापद प्रयोजक होते, असे मी गेली सतरा वर्षे शिकवत आलो आहे. परीक्षेत दोन गुणांना येणारी ही बाब घरात इतकी अंगाशी येईल असे मला कधी वाटले नव्हते. खोटे कशाला सांगू, पहिले दोन-तीन दिवस ते प्रयोजक क्रियापद कानाला गोडही लागले. नवी पेठेतून दोन किलो पेढे आणले, ते मीच वाटले आणि अभिनंदनेही बरीचशी मीच घेतली. ती कुठे होती म्हणाल, तर झोपली होती. तीन वर्षांची झोप होती ती.

थोडा मागचा हिशेब सांगितला पाहिजे. साडेचार वर्षांचा एम.बी.बी.एस.चा अभ्यास, वर्षभराची इंटर्नशिप, मग आमच्याच जिल्ह्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात बारा वर्षे वैद्यकीय अधिकारी, आणि अडतिसाव्या वर्षी पुन्हा विद्यार्थिनी! मुंबईच्या एका महाविद्यालयात तिला जागा मिळाली तेव्हा मुलगी आठवीत आणि मुलगा चौथीत होता. विषय घेतला तो बधिरीकरणशास्त्राचा. म्हणजे आपल्या साध्या बोलीत भूल देण्याचा.

हाच विषय का, असे पुष्कळांनी विचारले. बाईमाणसाने बाळंतपणाचा नाही तर मुलांचा विषय घ्यावा, अशी आपल्याकडे एक समजूत आहे. तिचे कारण मात्र त्या आरोग्य केंद्रातलेच होते. एका रात्री एक बाई अडली. पोट उघडून बाळ काढायला हवे होते. जवळच्या ग्रामीण रुग्णालयात शस्त्रक्रियेची खोली होती आणि चाकू धरणारा डॉक्टरही होता. फक्त भूल देणारे कोणी नव्हते. १०८ ची गाडी तिला घेऊन सोलापूरकडे निघाली. साठ किलोमीटर. बाई वाचली. बाळ राहिले नाही. पहाटे घरी येऊन ती ओट्याशी उभ्याउभ्याच चहा प्यायली आणि म्हणाली, "सगळं होतं हो तिथं. एक माणूस नव्हता." त्यानंतर चार वर्षांनी तिने अर्ज भरला, पण माझ्या मते ती मुंबईला निघाली ती त्याच पहाटे.

भूल! मराठीचा मास्तर असल्यामुळे हा शब्द मला फार आवडतो. भूल म्हणजे चूक, भूल म्हणजे मोहिनी आणि भूल म्हणजे शस्त्रक्रियेआधी येणारी ती गाढ बेशुद्धी. रानात वाट चुकलेल्याला 'भूल पडली' म्हणायचे आणि दवाखान्यात 'भूल दिली' म्हणायचे, असा शब्द ज्याने पहिल्यांदा वापरला त्याला मी दोन्ही हातांनी नमस्कार करीन. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये मॉर्टन नावाच्या दंतवैद्याने ईथर हुंगवून एका रुग्णाच्या मानेवरची गाठ सर्वांसमक्ष काढू दिली, तो दिवस जगभरचे भूलतज्ज्ञ अजून पाळतात. पुढच्याच वर्षी एडिंबरोला सिम्पसनने क्लोरोफॉर्म आणला. त्याआधी काय करीत असत? चार धट्टीकट्टी माणसे रुग्णाला धरून ठेवीत आणि शल्यवैद्य जितका चपळ तितका मोठा मानला जाई. आमच्या शेजारच्या हैदराबादेत त्याच शतकाच्या अखेरीस क्लोरोफॉर्मवर मोठे प्रयोग झाले आणि त्यांत रूपाबाई फर्दुनजी नावाच्या एका पारशी डॉक्टरीणबाईंनी काम केले. जगातल्या अगदी पहिल्या स्त्री-भूलतज्ज्ञांत त्यांचे नाव घेतात. सोलापुराहून हैदराबाद ते किती लांब! पण हे नाव मला चाळिशी ओलांडल्यावर, बायकोच्या पुस्तकामुळे कळले.

या धंद्याची एक गंमत आहे. शस्त्रक्रिया झाली की नातेवाईक ज्याच्या पायाशी वाकतात तो शल्यवैद्य. रुग्णाच्या उशाशी बसून त्याचा श्वास, नाडी, रक्तदाब आणि रक्तातला प्राणवायू क्षणाक्षणाला पाहणारा, त्याला खाली नेणारा आणि सुखरूप वर आणणारा जो असतो, त्याला रुग्णाने पाहिलेलेच नसते. पाहिले असले तरी आठवत नाही. "तुमच्या कामाचं यशच असं, की ते कोणाला आठवत नाही," असे मी तिला एकदा म्हणालो. ती म्हणाली, "हे छान वाक्य तुम्ही कुठंतरी वापरणार." पाहा, वापरलेच.

तर मूळ गोष्ट सत्काराची. आमच्या भागातल्या एका सांस्कृतिक मंडळाने तिचा सत्कार करायचे ठरवले. निमंत्रणपत्रिका आली. तीत ठळक अक्षरांत माझे नाव, त्याखाली बारीक अक्षरांत 'यांच्या सुविद्य पत्नी' आणि त्यानंतर तिचे. चौकात फलक लागला, त्यावरही माझा फोटो तिच्याहून अंमळ मोठाच होता. सोलापुरात फलकावर न झळकलेला माणूस सापडणे अवघड, तेव्हा त्याचे फारसे मनावर घेतले नाही. पण कार्यवाहांचा फोन आला, "सर, तुम्हीही दहा मिनिटं बोलायचं. आम्ही कार्यक्रमाला 'आजचे आनंदी-गोपाळ' असं नाव दिलंय." त्यांचा हेतू चांगला होता, यात शंका नाही.

मी भाषण लिहायला बसलो. लिहून झाल्यावर सवयीने लाल पेन घेऊन तपासले, तर दोन पानांत 'मी' सतरा वेळा आला होता. मी मुलांचे डबे केले, मी आईचे पथ्य सांभाळले, मी दर महिन्याला सिद्धेश्वर एक्स्प्रेसने रात्रभर प्रवास करून शेंगाची चटणी आणि कडक भाकरी पोचवली. सगळे खरे होते. विद्यार्थ्याचा निबंध असता तर मी समासात लिहिले असते, 'विषय सोडून'.

मग वाटले, गोपाळरावांचे नाव देताहेत तर निदान गोपाळराव नीट वाचावेत. आपल्यापैकी बहुतेकांची आनंदीबाईंशी ओळख श्री. ज. जोशी यांच्या १९६८ सालच्या 'आनंदी गोपाळ' कादंबरीतून झालेली. नव्या पिढीची २०१९ च्या चित्रपटातून. मी महाविद्यालयाच्या ग्रंथालयातून काशीबाई कानिटकरांनी लिहिलेले चरित्र काढले आणि आनंदीबाईंच्या पत्रांतले जेवढे मिळाले तेवढे वाचले.

गोपाळरावांचे श्रेय लहान नाही. पोस्टातला एक कारकून. पहिली बायको वारल्यावर नऊ वर्षांच्या मुलीशी लग्न करतो, तेही तिला शिकवीन या बोलीवर. चौदाव्या वर्षी तिला मूल होते आणि दहा दिवसांत जाते. नोकरीत बदल्यांवर बदल्या, लोकांची टवाळी, तरी हा माणूस हट्ट सोडत नाही. कोल्हापुरात असताना १८७८ साली तो एका अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहितो, ते तिकडच्या मासिकात छापून येते. न्यू जर्सीतल्या मिसेस कार्पेंटर नावाच्या बाई दाताच्या डॉक्टरकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या असताना ते मासिक उघडतात! ७ एप्रिल १८८३ ला कलकत्त्याहून अठरा वर्षांची आनंदीबाई बोटीत चढली ती नवऱ्याशिवाय. तीन वर्षांनी, ११ मार्च १८८६ ला, फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात तिला पदवी मिळाली. त्या समारंभाला पंडिता रमाबाई इंग्लंडहून मुद्दाम आल्या होत्या. गोपाळरावही तोवर अमेरिकेत पोचले होते आणि सभागृहात हजर होते.

हा प्रसंग आपण सगळे मनात रंगवतो: टाळ्या वाजताहेत आणि पगडीतल्या त्या गृहस्थांचे डोळे भरून आले आहेत. पण पत्रे वाचली की हे चित्र इतके सोपे राहत नाही. अमेरिकेतून तिने नवऱ्याला एका पत्रात लहानपणच्या माराची आठवण करून दिली आहे. दहाव्या वर्षी लाकडाने मारलेले, अंगावर फेकलेल्या खुर्च्या आणि पुस्तके, सोडून जाण्याच्या धमक्या. हे वागणे चांगले की वाईट, असे विचाराल तर दोन्ही, असे तिचे म्हणणे. ज्या हेतूने केले तो पाहिला तर योग्य. लहान मुलीच्या मनावर काय होईल ते पाहिले तर अयोग्य. विशीही न ओलांडलेल्या मुलीने इतक्या शांतपणे मांडलेला हा जमाखर्च मी दोनदा वाचला आणि पुस्तक मिटून ठेवले. पदवी मिळून वर्षही पुरे झाले नव्हते तोच, २६ फेब्रुवारी १८८७ ला, पुण्यात क्षयाने ती गेली. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात नेमणूक झाली होती, तिथे रुजू व्हायचे राहूनच गेले. 'गोपाळरावांनी आनंदीबाईंना डॉक्टर केले' हे वाक्य आपण शाळेपासून लिहीत आलो. व्याकरणदृष्ट्या ते शुद्धच आहे. एवढेच, की त्यात आनंदीबाई कर्म आहेत.

मी काही कोणाच्या अंगावर खुर्ची फेकलेली नाही. पण पुस्तक मिटले तेव्हा मला एक रात्र आठवली. ती माझ्या सतरा 'मीं'मध्ये कुठेच आली नव्हती.

तिचे दुसरे वर्ष चालू होते. ऑगस्ट महिना. आमची आई न्हाणीघरात घसरली आणि खुब्याजवळ हाड मोडले. इथल्या एका रुग्णालयात तिला दाखल केले, शस्त्रक्रिया दुसऱ्या दिवशी सकाळी ठरली. मुलीची दहावीची चाचणी, मुलाला ताप, माझे पेपर तपासायचे राहिलेले. रात्री अकराला मी मुंबईला फोन लावला. त्या वेळी ती आदल्या दिवशीच्या सकाळपासून ड्यूटीवर होती, हे मला माहीत होते. माहीत असूनही मी जे बोललो ते असे: "परक्या माणसांना भूल देत तिकडं बसली आहेस, आणि इथं तुझ्या घराचं काय होतंय ते तुला दिसत नाही. आता पुरे झालं. सोड ते सगळं आणि परत ये."

पलीकडून काही आवाज नाही. पाच सेकंद, दहा सेकंद, कदाचित अर्धे मिनिट. अर्धे मिनिट किती मोठे असते ते फोन कानाला लावून उभे राहिल्याशिवाय कळत नाही. दवाखान्याच्या त्या व्हरांड्यात मी भिंतीवरची पाल पाहत उभा होतो आणि मनात म्हणत होतो, शब्द परत घेता येत नाहीत, हे तू वर्गात शिकवतोस ना!

मग ती म्हणाली, "आईंना कोणकोणत्या गोळ्या चालू आहेत, सांगा."

मी रक्तदाबाची सांगितली, साखरेची सांगितली.

"आणि स्टेंटनंतरची? रक्त पातळ करायची?"

आदल्या वर्षी आईच्या हृदयात स्टेंट बसवला होता. तेव्हापासून ती गोळी रोज सकाळी मीच तिला देत होतो. त्या दिवशी सकाळीही दिली होती. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारले तेव्हा मी खिशातली चिठ्ठी वाचून दाखवली. ती जुनी होती, स्टेंटच्या आधीची. डॉक्टरांनी दोनदा विचारले होते, "आणखी काही?" आणि मी दोन्ही वेळा ठामपणे "नाही" म्हणालो होतो.

"पाठीत इंजेक्शन देऊन कमरेखालचा भाग बधिर करणार आहेत का?"

"हो, तसंच म्हणाले."

"तिथल्या भूलतज्ज्ञांचा नंबर द्या. आत्ता."

त्यानंतर जे कळले ते मास्तरकीच्या भाषेत सांगतो. रक्त पातळ करणारी ती गोळी चालू असताना मणक्यात सुई घातली तर आत, मज्जारज्जूभोवती, रक्तस्राव होण्याची भीती असते. तो साचला तर पाय कायमचे लुळे पडू शकतात. गोळीचा परिणाम ओसरायला पाच ते सात दिवस लागतात, आणि म्हातारपणी मोडलेल्या खुब्याला इतके दिवस थांबवणेही धोक्याचे. तेव्हा इथल्या भूलतज्ज्ञांनी आणि तिने त्या रात्री फोनवर बोलून बेत बदलला. पाठीतले इंजेक्शन रद्द झाले, पूर्ण भूल द्यायची ठरली, जादा रक्ताची तजवीज झाली, हृदयाच्या डॉक्टरांना रात्रीच उठवून विचारले गेले. सकाळी शस्त्रक्रिया पार पडली. मुंबईहून निघणारी रात्रीची सिद्धेश्वर तोवर चुकली होती, म्हणून ती दुसऱ्या रात्रीच्या गाडीने निघून तिसऱ्या दिवशी पहाटे पोचली. दोन दिवस राहिली आणि गेली. आई आज काठी घेऊन सिद्धेश्वराच्या देवळात जाते. "माझ्या लेकानं धावपळ करून मला उभं केलं," असे भेटेल त्याला सांगते. मी ते कधी दुरुस्त केले नाही. तिनेही केले नाही. त्या रात्रीच्या माझ्या बोलण्याचा विषय आमच्यात पुन्हा निघाला नाही. ती मात्र शिकत राहिली.

सत्काराच्या भाषणात हे सांगायचे मी ठरवले. जुने दोन कागद फाडले, नवा एकच लिहिला.

समारंभाला सभागृह भरले होते. अध्यक्षांनी मला 'आजचे गोपाळराव' म्हटले, टाळ्या झाल्या. आधी मला शाल, श्रीफळ. मग तिला पुष्पगुच्छ. ती हसत होती. रात्रपाळी करून आली होती, हे तिच्या डोळ्यांवरून मला कळत होते. इथल्याच एका रुग्णालयात ती आता काम करते आणि महिन्यातून काही दिवस त्या जुन्या ग्रामीण रुग्णालयातही जाते. माझे नाव पुकारले. मी उठलो, माइकपाशी गेलो, खिशातून कागद काढला. पहिल्या रांगेत आई काठीवर हात ठेवून बसली होती आणि माझ्याकडे अशा काही अभिमानाने पाहत होती, की मी कागदाची घडी उलगडलीच नाही. "आपण केलेल्या कौतुकाबद्दल आम्ही उभयता आभारी आहोत," एवढे म्हणालो आणि बसलो. लोकांना वाटले, सरांचा कंठ दाटून आला. दुसऱ्या दिवशी इतिहासाचे सहकारी म्हणाले, "थोडक्यात पण फार हृद्य बोललात."

दिवाळी अंकासाठी या सदराचा मजकूर पाठवा, असे संपादकांचे पत्र आले तेव्हा तो घडी केलेला कागद शर्टाच्या खिशातच होता, धोब्याकडून बचावलेला. तो समोर ठेवून हे सारे लिहिले. आईला काल संध्याकाळी गोळीची गोष्ट सांगून टाकली, नाहीतर छापून आल्यावर शेजारच्या काकू वाचून दाखवणार. आई बराच वेळ काही बोलली नाही. मग आतल्या खोलीकडे पाहून हळूच म्हणाली, "ती झोपलीय का? मग भांडी नको वाजवू."

आज सकाळी लेख तिच्यापुढे ठेवला. छापायला हरकत असेल तर सांग, म्हणालो. तिने चहा पिता पिता सगळा वाचला. रूपाबाईंच्या नावाशी थोडी थांबली, मॉर्टनशी मान हलवली. टेलिफोनच्या रात्रीपाशी आली तेव्हा मी खिडकीतून बाहेर पाहू लागलो.

"इथं एक चूक आहे," ती म्हणाली.

"कुठं?"

"हे अर्धं मिनिट. तुम्ही लिहिलंय, काही आवाज नाही, वगैरे. मी गप्प नव्हते हो बसले. पेन शोधत होते."